नाइटमधला जीएच आणि ताटातला 'भक्त'

आजचा भाग फक्त दोन अक्षरांवर आहे. जी आणि एच. इंग्रजीत ही दोघं शेजारी येऊन बसली की काय गोंधळ होतो, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. आज स्पेलिंगं बरीच येतील, मी ती एकेक अक्षर करून सांगेन. ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांना एकच विनंती, शब्द नुसते डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणून बघा. आजची सगळी गंमत तोंडात आहे.

आधी माझा किस्सा. नोकरी लागून पंधरा दिवस झाले होते. कॉलवर सोळा-सतरा माणसं, आणि मला स्क्रीन शेअर करून एक डॉक्युमेंट वाचून दाखवायचं होतं. त्यात एक शब्द होता, टी-एच-ओ-आर-ओ-यू-जी-एच. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता, पण एकदाही ऐकला नव्हता. मी खणखणीत आवाजात वाचलं, "वुई नीड थ्रू टेस्टिंग." कुणाचा तरी माइक चालू राहिला होता, त्यातून हसू ऐकू आलं. मग चॅटमध्ये मेसेज, 'थरो', आणि पुढे एक स्माइली. त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी कॉलवर तोंड उघडलं नाही. जे काय सांगायचं ते टाइप करून. टाइप करताना उच्चार लागत नाही ना.

त्या दोन महिन्यांत रात्री बसून मी या जीएचच्या मागे लागलो. रागानेच म्हणा ना.

ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं घ्या. थ्रू मध्ये त्यांचा उच्चार ऊ. दो, म्हणजे 'जरी', त्यात ओ. थॉटमध्ये ऑ. टफमध्ये अफ, कॉफमध्ये ऑफ. प्लाउ म्हणजे नांगर, त्यात आउ. आणि माझा तो थरो. एकच इनपुट आणि सात आउटपुट. असं फंक्शन मी लिहिलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये मला कोणी उभं केलं नसतं.

यावरचा एक विनोद तुमच्या व्हॉट्सअॅपवर येऊन गेला असेल. जी-एच-ओ-टी-आय असं लिहायचं आणि 'फिश' वाचायचं. जीएचचा फ 'इनफ'मधून घ्यायचा, ओचा इ 'विमेन'मधून, आणि टीआयचा श 'नेशन'मधून. हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपवला जातो. पण १८५५ सालच्या एका पत्रात तो आधीच सापडतो, आणि शॉ जन्मला १८५६ मध्ये. विनोद चांगला आहे, पण खोटा आहे. कारण शब्दाच्या सुरुवातीला जीएच आला तर त्याचा फ कधीच होत नाही. म्हणजे काहीतरी नियम आहे. नियम आहे म्हणजे इतिहास आहे.

तर चला, हजार वर्षं मागे.

तेव्हाचे इंग्रज रात्रीला काय म्हणायचे? स्पेलिंग एन-आय-एच-टी आणि उच्चार साधारण 'निख़्त'. हा आपल्या खटाऱ्यातला ख नाही. उर्दू 'ख़बर'मधला, घशाजवळून हवा घासत काढायचा तो ख़, त्याच जातीचा आवाज. तेव्हा तो नुसत्या एचने लिहीत. मुलगी म्हणजे 'दोख़्तोर'. आठ म्हणजे 'एआख़्ता'. विचार म्हणजे 'थोख़्त'. जे लिहिलंय ते सगळं तोंडातून बाहेर पडायचं, काहीही सायलेंट नव्हतं.

नाइट म्हणजे तो घोड्यावरचा चिलखतवाला योद्धा, त्याच्या स्पेलिंगला पुढे के पण चिकटलेला असतो. तो होता 'क्निख़्त'. क पण म्हणायचे, ख़ पण म्हणायचे. आणि अर्थ? पोरगा. साधा पोरगा. मग हाताखालचा पोरगा, मग राजाच्या पदरी असलेला शिपाई, आणि मग मोठा मानाचा सरदार. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'क्नेख़्त' मात्र नोकरच राहिला, त्याला प्रमोशन मिळालं नाही.

मग १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो, आणि पुढच्या काळात लिखाणाचं काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे जातं. त्यांच्या भाषेत हा घासणारा ख़ नव्हताच. त्यांच्या दृष्टीने एच म्हणजे एक दुबळा हुंकार, एवढ्या खरखरीत आवाजाला तो पुरेना. मधल्या काळात आपल्या ३ च्या आकड्यासारखं दिसणारं एक वेगळं अक्षर वापरात होतं, पण हळूहळू जी आणि एच ही जोडी पक्की झाली. म्हणजे जीएच हा कोणाचा वेडेपणा नव्हता. कानावर पडलेला एक खरा आवाज कागदावर पकडण्यासाठी केलेली ती तोड होती. चॉसर हा कवी १४०० साली वारला. त्याच्या तोंडी अजून 'निख़्त'च होतं.

आणि आता टायमिंग बघा. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन नावाचा माणूस लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकतो. इंग्लंडमधला पहिला. छापखाना म्हटलं की एकच शब्द दहा प्रकारे लिहून चालत नाही, स्पेलिंग हळूहळू गोठायला लागतं. आणि नेमका त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांच्या तोंडातून हा ख़ निसटायला लागला होता. पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत तो तिथून गेलाच. वर स्कॉटलंडमध्ये मात्र राहिला. तिथे तळ्याला अजून 'लॉख़' म्हणतात आणि रात्रीला 'निख़्त'. पण कागदावरचं स्पेलिंग लंडनचं, आणि ते जुन्या उच्चारावर सेट झालेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज फ्रीझ झाला आणि मग रिक्वायरमेंट बदलली.

पण ख़ गेला म्हणून सगळं जसंच्या तसं राहिलं नाही. जाताना त्याने आपली जागा शेजारच्या स्वराला दिली. 'निख़्त'मधला इ ऱ्हस्व होता. ख़ पडला आणि तो इ लांबला, 'नीट' झाला. हो, परीक्षेतली नीट म्हणतात तसंच. मग पंधराव्या ते सतराव्या शतकात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले, ते एक वेगळंच प्रकरण आहे. त्यात ई चा आइ झाला. नीटचं झालं नाइट. म्हणून आजही एल-आय-टी म्हणजे लिट, आणि मध्ये जीएच घातला की लाइट. फिट आणि फाइट. सिट आणि साइट. जीएच स्वतः गप्प आहे, पण 'माझ्या आधीचा स्वर लांबलाय' एवढं तो अजून सांगतो.

हे वाचलं तेव्हा मला एकदम ओळखीचं वाटलं. कारण आपण हे रोज जेवतो.

संस्कृतमध्ये शिजवलेल्या तांदळाला शब्द आहे 'भक्त'. देवाचा भक्त तोच शब्द, अर्थ वेगळा. त्याचं प्राकृतात झालं 'भत्त', क गेला. आणि मराठीत आला 'भात'. त्त चा एक त उरला आणि आधीचा अ लांबून आ झाला. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'हस्त', 'हत्थ', 'हात'. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण, 'दुग्ध', 'दुद्ध', 'दूध'. मधला ग गायब, उ चा ऊ. 'निख़्त'चं 'नीट' होताना जे घडलं तेच, मधलं व्यंजन पडलं आणि स्वर लांबला. फरक एवढाच की आपण बदललेला उच्चार तसाच लिहायला घेतला. इंग्रजांसारखं केलं असतं तर हॉटेलच्या बोर्डावर 'वरण-भक्त' लिहिलेलं असतं आणि आपण ते वरण-भात वाचलं असतं. शाळेतल्या पोरांनी 'भक्तमधला क सायलेंट असतो' असं घोकलं असतं.

आता फ कुठून आला ते. ख़ सगळीकडे गुपचूप गेला नाही. ऊ किंवा ओ सारखा स्वर म्हणताना ओठ गोल होतात ना, त्या गोल ओठांतून ख़ काढून बघा. 'रूख़', 'रूख़'. पटपट म्हणा. चार-पाच वेळात ओठ जवळ येतात आणि फ निसटतो. झालं, 'रफ'. टफ, कॉफ, लाफ, इनफ, सगळे असेच. काही गावांत फ व्हायचा, काही गावांत आवाजच जायचा, आणि लंडनमध्ये सगळीकडची माणसं येऊन मिसळली. एका शब्दाचा इकडचा उच्चार टिकला, दुसऱ्याचा तिकडचा. त्यामुळे प्लाउमध्ये फ नाही आणि टफमध्ये आहे, याला 'का' विचारून फार उपयोग नाही. बुटका या अर्थाचा 'ड्वॉर्फ' हाही याच रांगेतला, मुळात त्याच्या शेवटी घशातलाच आवाज होता. त्याचं नशीब, स्पेलिंगमध्ये सरळ एफ आला.

यात काही घुसखोर पण आहेत. डिलाइट म्हणजे आनंद, हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्यात कधीच ख़ नव्हता. जुनं स्पेलिंग डी-ई-एल-आय-टी-ई. पण लाइट, नाइट, साइट बघून सोळाव्या शतकात लोकांनी त्यालाही जीएच लावला. उचकीचा 'हिकप' बघा, त्याचं एक स्पेलिंग शेवटी सी-ओ-यू-जी-एच असं पण होतं, कारण कुणाला तरी वाटलं की उचकी हा खोकल्याचाच प्रकार. उच्चार मात्र हिकपच राहिला.

आणि माझा सगळ्यात लाडका, भूत. घोस्ट. पूर्वी जी-ओ-एस-टी असा साधा शब्द होता, त्याआधी 'गास्ट'. मधला एच आला कुठून? कॅक्स्टनने ब्रुजमध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये, बरीच वर्षं काढली होती आणि छपाईशी त्याचा संबंध तिकडचाच. तिथल्या फ्लेमिश भाषेत भुताला जी-एच-ई-ई-एस-टी असं लिहीत. त्या सवयीतून हा एच इंग्रजीत शिरला असं अभ्यासक मानतात. गूज म्हणजे हंस आणि गोट म्हणजे बकरी, यांनाही तेव्हा मधूनमधून एच लागलेला दिसतो. ते दोघं सुटले. भूत काही सुटलं नाही.

शब्दाच्या सुरुवातीला जीएच असेल तर तो बहुतेक वेळा बाहेरून आलेला पाहुणा असतो. घेटो इटालियन, घूल अरबी. आणि काही तर आपल्याच घरचे. घी. घाट. वेस्टर्न घाट्स म्हणताना इंग्रज आपला घ लिहायला जीएच वापरतात, एवढा एकच प्रामाणिक जीएच. छोट्या होडीला इंग्रजीत 'डिंगी' म्हणतात, तोही इथलाच शब्द. त्यात एच घातला तो ग चा ज होऊ नये म्हणून.

आता थोडं कामाचं. तुमच्यापैकी जे पुण्यात जर्मनचे क्लास लावून बसलेत त्यांच्यासाठी तर फारच. इंग्रजीत जिथे जुना जीएच दिसेल तिथे जर्मनमध्ये बहुधा सीएच असतो आणि तो अजून उच्चारतात. नाइट, नाख़्ट. लाइट, लिख़्ट. एट, आख़्ट. डॉटर, टोख़्टर. राइट, रेख़्ट. जर्मनने ख़ सांभाळला, इंग्रजीने नुसती पाटी सांभाळली.

आणखी मागे गेलं की लॅटिनमध्ये त्याच जागी क दिसतो. म्हणून रात्री जागणाऱ्या प्राण्याला 'नॉक्टर्नल' म्हणतात, आठव्या महिन्याला 'ऑक्टोबर' (रोमन लोकांचा तो आठवा होता, नंतर सरकला), आणि सरळ कोनवाल्या आकृतीला 'रेक्टँगल'. नाइट-नॉक्ट, एट-ऑक्ट, राइट-रेक्ट. जीआरईच्या शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांनो, ही एक किल्ली घ्या, बरेच दरवाजे उघडतील. क चा घासून ख़ सारखा आवाज कसा झाला, याचा नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. हा तोच, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी एक.

आणि संस्कृत? 'नक्तम्', म्हणजे रात्री. दिवसभर उपास करून रात्री जेवायच्या व्रताला आपल्याकडे अजून 'नक्त' म्हणतात, आजीला विचारा. 'अष्ट', एट. 'दुहिता', डॉटर, आणि फारसीत 'दुख़्तर'. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीत सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात.

या सगळ्यात मला माझा शब्द सापडला. थ्रू आणि थरो. जुन्या इंग्रजीत दोन्ही एकच शब्द होता, 'थुर्ख़'. 'आरपार'. जर्मनमध्ये 'डुर्ख़'. त्याचंच एक दोन अवयवांचं, जोर देऊन म्हटलेलं रूप वेगळं पडलं, ते थरो. आरपार केलेली टेस्टिंग म्हणजे थरो टेस्टिंग. मोठ्या रस्त्याला 'थरोफेअर' म्हणतात तो आरपार जाणारा रस्ता. म्हणजे मी त्या दिवशी जे वाचलं ते चूक होतंच, पण मी शब्दाला त्याच्या सख्ख्या भावाच्या नावाने हाक मारली होती.

आणि एकदा तर माझी सुटका होता होता राहिली. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला हुकूम दिला, तीनशे शब्द नव्या सोप्या स्पेलिंगने छापा. त्यात थ्रू होता टी-एच-आर-यू, आणि थरो होता टी-एच-ओ-आर-ओ. वर्तमानपत्रांनी टर उडवली, संसदेने विरोध केला, आणि त्याच वर्षी रूझवेल्टना माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यून या पेपरने १९३४ पासून बरीच वर्षं अशी स्पेलिंगं चालवून पाहिली, १९७५ मध्ये त्यांनीही थरो आणि थ्रूचा नाद सोडला. अमेरिकेत नांगराचा आणि मसुद्याचा जीएच तेवढा गेला.

मग मनात आलं, आपण बरे. आपल्याकडे असला सायलेंट माल नाही.

आणि आजोबांची वही आठवली.

मी पाचवीत होतो. आजोबांची दुधाच्या हिशोबाची एक वही होती, तिच्यात मधूनमधून ते दोन-चार ओळी पण लिहायचे. 'आज गांवीं गेलों.' 'सर्वांचीं नांवें लिहून घेतलीं.' सगळीकडे डोक्यावर टिंबं. मला शाळेत नुकतंच शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी मिळाले होते. मी लाल पेन घेऊन त्यांच्या दोन पानांवरच्या टिंबांना गोल केले, आणि खाली लिहिलं, 'एकूण चुका ३१'. वही नेऊन दाखवली. ते हसले, म्हणाले, "आम्हांला असंच शिकवलं रे बाबा." आणि वही मिटून ठेवली.

त्यातली एकही चूक नव्हती. आजोबा चाळीसच्या दशकात शिकले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ मध्ये, शासनाने ते स्वीकारले, आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार लिहायचे नाहीत असं ठरलं. आपण आपला जीएच एका नियमाने काढून टाकला, रूझवेल्टला जमलं नाही ते. आणि त्या टिंबांनाही इतिहास होता. 'ग्राम'चं 'गाम', आणि म चा व होताना त्याचा नाकातला अंश उरला, तो 'गांव'वरचं टिंब. 'नाम'मधला म तसाच 'नांव'च्या डोक्यावर. 'गावीं'तलं टिंब विभक्तीचं, 'नांवें'वरचं अनेकवचनाचं. देशावर हे आवाज नाकातून कधीच निघून गेले होते, आजोबांच्याही. पण गोव्यात कोंकणी बोलणाऱ्या कोणाला 'तुझें नांव कितें' म्हणताना ऐका. तिथे ते टिंब अजून वाजतं, आणि लिहितातही.

टिंबं काढली ते बरं केलं का? मला वाटतं, हो. पाचवीतल्या पोराला ती पाठ करायला लावणं म्हणजे पुन्हा थरो-थ्रूच. माझ्यासारख्या कोणाला तरी त्यावरून हसलं गेलंच असतं. पण एक बघा, मी आत्ता 'झालं', 'केलं', 'वाटतं' म्हणतोय, आणि खाली ट्रान्सक्रिप्टमध्ये त्या शब्दांवर टिंब दिसतंय. ते नाकातलं नाही. ते फक्त एवढंच सांगतं की शेवटचा अ लांबवा. म्हणजे स्वतः गप्प, आणि शेजारच्या स्वराची खबर देणारं. ओळखीचं वाटतंय ना?

आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. वही माझ्याकडे आहे. लाल शाई थोडी फिकट झालीये, पण '३१' स्पष्ट दिसतं. मी परवा पुन्हा मोजलं, तर तेहतीस भरली. दोन माझ्या नजरेतून सुटली होती.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात जुन्या पत्रांत, वह्यांत अशी टिंबं असतील तर फोटो काढून पाठवा, फक्त आधी घरच्यांना विचारा. भेटू पुढच्या भागात.